नऊ अक्षरं, सहा आकडे: वाडीच्या गणपतीत शब्द-आकड्यांचा सामना कसा भरवायचा

गणपतीच्या तोंडावर मंडळाची बैठक बसली की दरवर्षी तेच होतं. लिंबू-चमचा, संगीत खुर्ची, पाककला, आणि "यंदा काहीतरी नवीन करूया" असं म्हणून पुन्हा लिंबू-चमचा. तीन वर्षांपूर्वी मी हात वर केला आणि इंग्लंडच्या टीव्हीवरच्या ‘काउंटडाउन’सारखा खेळ मराठीत करायचं सुचवलं. गिरगावातल्या आमच्या वाडीत ज्याने सुचवलं त्यानेच करायचं, असा अलिखित कायदा आहे. पहिल्या वर्षी खेळ साफ फसला, दुसऱ्या वर्षी जमला, तिसऱ्या वर्षी अंतिम सामन्याला गॅलरीत उभं राहायला जागा उरली नव्हती. तुमच्या चाळीत, सोसायटीत किंवा शाळेत करायचा असेल तर आम्ही खाल्लेल्या ठेचा तुम्ही खाऊ नयेत, म्हणून हे सगळं तपशिलात लिहितो आहे.

आधी मूळ खेळ समजून घ्या

हा खेळ जन्माने फ्रेंच. टीव्ही निर्माते आर्मां जामो यांनी १९६५ साली तो फक्त शब्दांपुरता सुरू केला आणि १९७२ मध्ये त्यात आकडे आले. ‘काउंटडाउन’ ही त्याची इंग्रजी आवृत्ती. २ नोव्हेंबर १९८२ ला ब्रिटनमध्ये चॅनेल फोर सुरू झालं, तेव्हा त्यावर लागलेला पहिलाच कार्यक्रम हा होता. समोरासमोर दोन खेळाडू आणि एक भलंमोठं घड्याळ. विचार करायला ३० सेकंद.

शब्दांच्या फेरीत खेळाडू "स्वर द्या", "व्यंजन द्या" असं सांगत नऊ अक्षरं उचलतो आणि त्यांतून दोघांनी जमेल तेवढा लांब शब्द करायचा. एका अक्षराला एक गुण, नऊच्या नऊ वापरली तर १८. आकड्यांच्या फेरीत सहा आकडे मिळतात आणि तीन आकडी एक लक्ष्य. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार करून तिथवर पोचायचं. शेवटी एक कोडं येतं. नऊ अक्षरी शब्दाची मोडतोड करून दाखवतात, आणि जो आधी घंटा दाबून बरोबर सांगेल त्याला १० गुण. सुरुवातीला फेऱ्या नऊ होत्या, आता १५ असतात. जिंकणाऱ्याला चहाची किटली मिळते. एवढ्या डोकेफोडीला एक किटली, हे मला फार आवडतं. आम्हीही पितळी किटलीच ठेवली आहे, भुलेश्वरातून आणलेली.

पहिला आणि सगळ्यात मोठा प्रश्न: ‘एक अक्षर’ म्हणजे काय?

इंग्रजीत हा प्रश्नच येत नाही, तिथे सव्वीस अक्षरं सरळ रांगेत उभी असतात. आपल्याकडे ‘कि’ हे एक अक्षर की दोन? ‘प्र’चं काय? ‘र्थ’चं काय? याचा निकाल लावल्याशिवाय कात्री हातात घेऊ नका. खेळातली नव्वद टक्के भांडणं इथूनच सुरू होतात आणि तीही सामना रंगात आल्यावर.

पहिल्या वर्षी आम्ही मात्रांच्याही वेगळ्या चिठ्ठ्या केल्या होत्या. पहिल्याच फेरीत मुलीने नऊ चिठ्ठ्या उचलल्या: काना, वेलांटी, वेलांटी, अनुस्वार, मात्रा, उकार, क, ढ आणि परत काना. तिसऱ्या मजल्यावरून कोणीतरी ओरडलं, "हिच्याकडे नुसते दागिनेच आलेत, बाई कुठाय?" कार्यक्रम तिथेच संपला. मग कोणीतरी अख्खी बाराखडी करायचं सुचवलं. त्यात ‘की’ आला पण ‘क’ हवा असेल तर तो निरुपयोगी, त्यामुळे नऊ चिठ्ठ्यांत तीन अक्षरी शब्दसुद्धा धड होईना.

शेवटी टिकला तो नियम असा: मात्रा फुकट, व्यंजन मोजून.

म्हणजे ‘क’ची चिठ्ठी मिळाली की तिचं क, का, कि, कू, कें, कौ काहीही करा. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, विसर्ग यांचा हिशेब नाही. जोडाक्षरात मात्र प्रत्येक व्यंजनाची चिठ्ठी लागते: ‘प्र’ला प आणि र, ‘स्त्री’ला स, त, र, ‘क्ष’ला क आणि ष. रफार म्हणजेही र, तो डोक्यावर बसला म्हणून सुटत नाही. ‘पक्का’ला क दोनदा हवा. सुट्या स्वरांसाठी एकच ‘अ’ची चिठ्ठी, तिचा अ ते औ कुठलाही स्वर करा. ‘ज्ञ’ आम्ही ज आणि न मध्ये बसवला. वाडीतल्या निवृत्त मराठीच्या बाईंनी त्यावर रीतसर हरकत नोंदवली, ती कागदावर घेतली आणि खेळ पुढे चालू ठेवला.

या नियमाचा एक फायदा नंतर लक्षात आला. ‘पुस्तक’ आणि ‘पुस्तके’ यांना लागणाऱ्या चिठ्ठ्या सारख्याच, त्यामुळे अनेकवचन करून कोणी गुण लाटू शकत नाही.

चिठ्ठ्या किती आणि कशाच्या

वर्तमानपत्राचा एक अग्रलेख घ्या आणि कोणतं व्यंजन किती वेळा येतं त्याच्या रेघा मारा. दोन संध्याकाळी जातात, पण पोरांना बसवलं तर तोही एक कार्यक्रम होतो. आमची वाटणी अशी बसली: र, त, न, क सात-सात, स, म, व सहा-सहा, ल, य, प आणि स्वराचा अ पाच-पाच, ह, द चार-चार, च, ग, ज, ब तीन-तीन, ट, ड, ण, श, ळ, ध दोन-दोन, ख, घ, छ, झ, ठ, ढ, थ, फ, भ, ष एकेक. एकूण १०८. ठरवून केलं नव्हतं, पण जपमाळेएवढ्या भरल्या म्हटल्यावर आजी मंडळींचा खेळावर विश्वास बसला.

इंग्रजी खेळात खेळाडू स्वर की व्यंजन ते निवडतो. आपल्याकडे मात्रा फुकट असल्यामुळे त्या निवडीत दम नाही, आणि निवड नसली तर खेळाडू नुसता प्रेक्षक होतो. म्हणून आम्ही दोन डबे केले. ‘सरळ’ डब्यात र पासून द पर्यंतची आणि अ, अशा ७४ चिठ्ठ्या. ‘अडेल’ डब्यात उरलेल्या ३४. खेळाडू "सरळ", "अडेल" असं सांगत नऊ उचलतो. अडेल किमान एक घ्यायचीच, चारपेक्षा जास्त नाही. दुसरी फेरी आली की उचलायची पाळी समोरच्याची.

कागदाबद्दल एक सावधगिरी. आम्ही काटकसर म्हणून जुन्या लग्नपत्रिका कापून चिठ्ठ्या केल्या. पुठ्ठा उत्तम, पण पाठीमागे कुठे अर्धा गणपती, कुठे आहेराबद्दलची सूचना. दुसऱ्या दिवशी पोरांना पाठ झालं होतं की गणपतीच्या सोंडेमागे ळ आहे. सगळ्यांची पाठ एकसारखी हवी, म्हणून जाड ड्रॉइंग पेपर आणा आणि तळहाताएवढे तुकडे कापा. अक्षर काळ्या जाड मार्करने, दुसऱ्या मजल्यावरून वाचता येईल एवढं. फळ्यापेक्षा दोरी बरी: मंडपात आडवी दोरी बांधा आणि कपड्याच्या चिमट्यांनी चिठ्ठ्या लटकवा. चाळीत ना दोरीची कमी, ना चिमट्यांची.

कोणते शब्द चालतील

मराठी शब्दाला शेपट्या लावायला लागलो तर अंत नाही. घर, घरात, घरातल्या, घरातल्यांना, घरातल्यांनासुद्धा. म्हणून विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय बंद. क्रियापद फक्त ‘णे’वालं, ‘करतो’, ‘केलेला’ नाही. विशेषनाम नाही. जोडशब्द कोशात एकत्र छापलेला असेल तरच.

कोश एकच ठरवा आणि मंडपात ठेवा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (पहिली आवृत्ती १८३१, वाढवलेली दुसरी १८५७) इंटरनेटवर शोधता येतो आणि त्यात असे काही शब्द सापडतात की प्रेक्षक टाळ्या वाजवतात. पण त्यात ‘मोबाईल’ कुठून असणार? दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ दांडगा आहे, पण त्याचे खंड कोण उचलून आणणार? आम्ही एक आधुनिक एकखंडी कोश मुख्य धरला आणि मोल्सवर्थ फोनवर जोडीला. इंग्रजीतून आलेले शब्द कोशात असतील तर चालतील. ‘वडापाव’वरून दहा मिनिटं गेली होती, म्हणून सांगतो: असे पाच-दहा वादग्रस्त शब्द आधीच ठरवून पाटीवर लिहून लावा.

‘काउंटडाउन’मध्ये कोशकार सूझी डेंट १९९२ पासून एका कोपऱ्यात बसून शब्द तपासतात, शिवाय त्यांची गोष्टही सांगतात. तशी एक व्यक्ती तुम्हालाही लागेल. आमच्या ‘कोशकट्ट्या’वर त्याच निवृत्त बाई बसतात. हरकत घेणाऱ्याला पंच करणं हा मंडळ चालवण्याचा सगळ्यात जुना उपाय आहे.

ऱ्हस्व-दीर्घ? प्राथमिक फेरीत सोडून द्या. अंतिम फेरीत सोडू नका.

शब्दांची फेरी प्रत्यक्षात

नववी चिठ्ठी लागली की घड्याळ सुरू. ३० सेकंद मोठ्यांना पुरतात, लहान गटाला ४५ द्या. मोबाईलवर वेळ लावणार असाल तर फोन विमान-मोडवर टाका. आमच्याकडे ऐन उपांत्य फेरीत गॅस सिलिंडरवाल्याचा फोन आला होता. त्यापेक्षा ढोलकीवाल्याला शेवटची दहा सेकंद ठेका धरायला सांगा, रंगत वाढते.

वेळ संपली की दोघांनी आधी फक्त संख्या सांगायची: "पाच", "सहा". कमी सांगणाऱ्याने शब्द आधी वाचायचा. जास्त लांब शब्दालाच गुण मिळतात, सारखे असतील तर दोघांना. लांब शब्द कोशात नसेल तर गुण समोरच्याच्या शब्दाला. शब्द कागदावर लिहिलेलाच हवा, नाहीतर "मला पण तोच सुचला होता" सुरू होतं. नऊ अक्षरी शब्द मराठीत सहसा लागत नाही, म्हणून दुप्पट गुण आम्ही सातपासून द्यायला लागलो.

गेल्या वर्षीच्या अंतिम सामन्यातली एक फेरी सांगतो. एका बाजूला दुसऱ्या मजल्यावरचे काका, पोस्टातून निवृत्त, शब्दकोड्याशिवाय चहा न पिणारे. समोर नववीतली मुलगी. दोरीवर लागलं: अ, व, स, म, र, ण, य, त, क. मी सूत्रसंचालक, मला ‘आक्रमण’ दिसला आणि मी स्वतःवर खूश झालो. काकांनी "सहा" म्हटलं आणि वाचलं, "अतिक्रमण." मंडपच अर्ध्या रस्त्यावर असल्यामुळे हशा पिकला. मुलगी शांतपणे म्हणाली, "सात. अविस्मरणीय." अ, व, स, म, र, ण, य. चौदा गुण.

तिला नंतर विचारलं, सुचलं कसं? म्हणाली, ण आणि य एकत्र दिसले की मी ‘णीय’ बाजूला काढून ठेवते. मग रमणीय, मग स्मरणीय, मग पुढे काय चिकटतंय ते बघत जायचं. स्पर्धकांना शिकवायचं ते हेच. शब्द शोधू नका, शेपटी शोधा. क-र दिसलं की कार, कर, करी. द-र म्हणजे दार. प-ण म्हणजे पण, पणा. नुसता त म्हणजे ता. ण म्हणजे णे. मग तोंडाकडून चिकटवून बघा: अ, वि, सु, प्र, अति, उप. आणि चिठ्ठ्या कागदावर ओळीत न लिहिता गोलात लिहा. ओळीत लिहिलं की डोळा डावीकडून उजवीकडेच धावतो.

आकड्यांची फेरी

इथे इंग्रजी नियम जसेच्या तसे उचला, भाषेची अडचण नाही. एकूण २४ चिठ्ठ्या: मोठे चार (२५, ५०, ७५, १००) आणि १ ते १० प्रत्येकी दोनदा. खेळाडू सांगतो, "दोन मोठे, चार लहान." लक्ष्य मिळवायला तिथे सीसिल नावाचं यंत्र आहे. आमच्याकडे खजिनदारांची धाकटी आहे, ती ० ते ९ च्या चिठ्ठ्यांतून तीनदा उचलते आणि प्रत्येक चिठ्ठी परत टाकते. पहिला आकडा शून्य आला तर पुन्हा उचलते.

प्रत्येक आकडा एकदाच वापरायचा, सगळे वापरायची सक्ती नाही. मधल्या कुठल्याही पायरीला अपूर्णांक किंवा उणे येता कामा नये. नेमकं उत्तर १० गुण, पाचच्या आत फरक ७, दहाच्या आत ५. जो जवळ त्यालाच गुण, सारखंच जवळ असतील तर दोघांना. सांगताना पायऱ्या मोठ्याने बोलायच्या आणि हिशेब तपासणारा फळ्यावर लिहीत जाणार.

त्याच सामन्यात आले ७५, ५०, ९, ८, ३, २ आणि लक्ष्य ६३७. मुलीने ७५ × ८ = ६०० केलं, त्यात ५० मिळवले, मग ९, ३ आणि २ वजा करत ६३६ वर थांबली. एकाने चुकलं, म्हणजे सात गुण पक्के वाटत होते. काकांचं ६०० पर्यंत तेच. पुढे ते म्हणाले, "पन्नासाचे निम्मे पंचवीस, नऊ चौतीस, तीन सदतीस." ६३७. दहा गुण काकांचे, मुलीच्या पदरात शून्य.

काकांचं गुपित त्यांच्या शाळेत, अपूर्णांकांच्या जुन्या पाढ्यांत आहे: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. आपण २५, ५०, ७५ हे आकडे पाहतो, त्यांना पाव, अर्धा, पाऊण शेकडा दिसतो. आठाची पाऊण सहा, पुढे दोन शून्यं. ७५ × ६ चा गुणाकार ते करतच नाहीत, "साडेचारशे" म्हणून मोकळे होतात. सव्वाशे, दीडशे, अडीचशे असे शब्द ज्या भाषेत रोजच्या बाजारात आहेत तिच्यात हा खेळ जरा जास्तच सोपा आहे, असं माझं मत झालंय. घरात कोणाला हे जुने पाढे येत असतील तर पंधरा दिवस त्यांच्यासमोर बसा. सरावाला गाड्यांचे नंबर आहेतच. सिग्नलला थांबलेल्या टॅक्सीचे चार आकडे घ्यायचे आणि शंभर करून दाखवायचे.

किती मोठे मागावेत? दोन मागणं सुखाचं. एकही मोठा न घेणारा लक्ष्य आठशे-नऊशेत गेलं की घामाघूम होतो. चारही मोठे मागणं म्हणजे जुगार, पण बघायला मजा. १९९७ साली ‘काउंटडाउन’मध्ये २५, ५०, ७५, १००, ३, ६ यांतून ९५२ करायचे होते. स्पर्धकाने १०० + ६ = १०६, त्याला ३ ने गुणून ३१८, मग ७५ ने गुणून २३,८५०, त्यातून ५० वजा, २३,८००, आणि २५ ने भागून ९५२ काढले. अर्ध्या मिनिटात. जवळची वाटही होती: १०३ × ६ = ६१८, ७५ ने गुणून ५० ने भागलं म्हणजे दीडपट, ९२७, अधिक २५. आमच्या काकांना हे दिलं तेव्हा त्यांनी ६१८ ची दीडपट वहीला हात न लावता सांगितली.

फेऱ्या, वेळ, माणसं

अंतिम सामना नऊ फेऱ्यांचा ठेवा: सहा शब्द, दोन आकडे, एक कोडं. ‘काउंटडाउन’ही असाच सुरू झाला होता. उचलणं, विचार आणि वाद धरून एका फेरीला चार-पाच मिनिटं जातात, म्हणजे पाऊण तास. प्राथमिक सामने पाच फेऱ्यांचे. आठ खेळाडू असतील तर एकूण सात सामने, तीन संध्याकाळी. आरती साडेसातची, ध्वनिक्षेपक दहाला बंद, या बेचक्यात बसवायचं आहे हे विसरू नका. माणसं पाच पुरतात: सूत्रसंचालक, चिठ्ठ्या लावणारा, कोशकट्टा, हिशेबवाला आणि गुण लिहिणारा. गुण लिहिणारा दोन्ही खेळाडूंच्या मजल्यावरचा नसावा.

कोडं

हे मात्र आधी घरी तयार करायचं आणि कोणालाही, अगदी घरच्यांनाही सांगायचं नाही. मराठीत याचे दोन प्रकार होतात. सोपा: मात्रा तशाच ठेवून अक्षरं हलवायची. उदाहरणार्थ ‘ठा व पा र णी पु’, म्हणजे पाणीपुरवठा. अवघड: मात्रा काढून टाकायच्या आणि व्यंजनांतून भलताच अर्थ उभा करायचा. मात्रा फुकट या नियमाची खरी करामत इथे दिसते. एका शब्दाला मला महिनाभर लागला, भाजी निवडताना सुचला. फक्त तेवढ्या व्यंजनांतून दुसरा शब्द होत नाही ना, ते दोघा-तिघांकडून तपासून घ्या. अर्थात त्या दोघा-तिघांना सामना खेळू देऊ नका.

गेल्या वर्षी कोड्याला आलो तेव्हा काका आठ गुणांनी पुढे होते, म्हणजे कोडं सोडवणारा जिंकणार. मी पाटी फिरवली. तिच्यावर लिहिलं होतं:

गरम पालक नाही

आठ व्यंजनं, एकच शब्द. ढोलकीवाल्याने ठेका धरला. काका ‘लोकगीत’सारखं काहीतरी पुटपुटत होते, मुलगी बोटाने हवेत गोल काढत होती. ३० सेकंद संपली, घंटा वाजली नाही. अशा वेळी कोडं प्रेक्षकांकडे जातं, त्याचे गुण कोणालाच नाहीत. तळमजल्याच्या पायरीवर बसलेला सहावीतला पोरगा उठून उभा राहिला आणि त्याने उत्तर दिलं. त्याचे बाबा तिथेच कामाला आहेत, सकाळी साडेसहाला झाडू घेऊन बाहेर पडतात. किटली काकांकडे गेली. मुलीने यंदा आतापासूनच पाऊणकी घोकायला घेतली आहे, आणि पोरगा विचारतोय की सहावीतल्यांना मोठ्या गटात नाव देता येतं का.